बाजूला सरकणारे हमीदचाचा

वरात ऐन रंगात आली की हमीदचाचा वाजवता वाजवता थांबायचे. गळ्यातला सॅक्सोफोन छातीवर सोडायचे आणि रस्त्याच्या कडेला सरकायचे. बँडचा मास्तरच गप्प झाल्यावर मागच्यांची धांदल उडायची. चाचा त्यांच्यातल्या एकाकडे हनुवटी उडवून म्हणायचे, "बोल आता तू. तुज्या मनातलं बोल." मग तो ट्रम्पेटवाला असो की ढोलवाला, त्यानं तेच गाणं आपल्या ढंगानं फिरवून आणायचं.

आमच्या बाजाराच्या गावी, गोरेगावात, चाचांचं गाद्या भरायचं दुकान होतं. तरुणपणी ते हैदराबादला एका हॉटेलात सामान उचलायचं काम करत. तिथे संध्याकाळी जॅझ वाजवणारी मंडळी यायची. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या वादकानं यांच्या हातात सॅक्सोफोन दिला. "गाणं म्हंजे आपलं गाव," चाचा सांगायचे. "शिवारात कुठंबी हिंडा, पन दिवेलागणीला घरी या."

मी मेंढरांमागे हिंडणारी धनगराची पोर. थोरल्या बहिणीच्या लग्नाची गादी भरायला बाबांसोबत त्यांच्या दुकानी गेले होते. कापूस पिंजून होईपर्यंत बासरी वाजवत बसले. चाचांनी यंत्रच बंद केलं.

"भाऊ, ही पोरगी आमच्या बँडात पाठवता का?"

"बँडात? लोकं काय म्हनतील?"

"लोकं काई म्हनत न्हाईत. नाचतात."

बाबा हसले, पण हो म्हणायला पुढची दिवाळी उजाडली. तोवर बाजारच्या दिवशी दुकानातच, कापसाच्या ढिगाशेजारी, चाचा मला क्लॅरिनेट शिकवत राहिले.

कनेरगाव नाक्याच्या एका लग्नात नवरदेवाचे काका आडवे आले. "बँडात पोरगी काहून आणली? बसवा तिला जीपमदी."

चाचांनी शांतपणे सॅक्सोफोन पेटीत ठेवला. "मंग आमी समदेच बसतो जीपमदी."

ट्रम्पेटवाला रशीद आणि ढोलवाला सुभाष वाद्यं उचलून जीपकडे निघाले. सगळ्यांचं काम माझ्यापायी जातंय, असं वाटून मी पुढे झाले. "चाचा, मी बसते. तुमी वाजवा."

"गप. बँड म्हंजे आपुन समदे."

भर रस्त्यात वरात मुकी उभी राहिली. शेवटी घोड्यावरचा नवरदेवच वैतागून ओरडला, "काका, लगन टळून राहिलं! वाजवू द्या की त्याहिला!"

काका बाजूला झाले. आम्ही सुरू केलं आणि थोड्याच वेळात चाचांनी माझ्याकडे हनुवटी उडवली. मी काय वाजवलं ते आज आठवत नाही. नाचायला पहिली पुढे आली ती त्याच काकांची बायको, एवढं मात्र पक्कं आठवतं.

वर्षानुवर्षं नाकातोंडात गेलेल्या कापसाच्या धुळीनं अखेर चाचांची छाती धरली. डॉक्टरांनी फुंकणं बंद करायला सांगितलं, तेव्हा बँड मोडला असंच गाव धरून चाललं. पण एका माणसावाचून अडेल असं त्यांनी आम्हाला घडवलंच नव्हतं. वराती चालू राहिल्या. काही दिवस चाचा जीपमध्ये बसून सोबत यायचे, मग तेही थांबलं.

त्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. बोलतानाही त्यांना धाप लागत होती.

"काय वाजवून राहिले सध्या?"

डोंगरकडा गावातल्या एका लग्नासाठी आम्ही तिघांनी नवी चाल बांधली होती. मी क्लॅरिनेट काढून ती वाजवली. चाचा डोळे मिटून ऐकत होते. कपाळावर आठी आली.

"हे म्या न्हाई शिकवलं तुमाला."

"न्हाई चाचा. आमीच जुळवलं."

आठी गेली. त्यांनी चाचींना हाक मारली, उशीला टेकून बसते झाले. "ऐकलं का? ह्यातलं काईच माजं न्हाई," ते केवढ्या तरी अभिमानानं म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "परत वाजव. जरा सावकाश. मला पाठ करायचंय."

थंडी सरायच्या आत चाचा गेले. शेवटच्या दिवसांत ते तीच चाल गुणगुणायचे, असं चाची सांगतात. मधेच एका ठिकाणी ती थोडी वेगळी वळवायचे म्हणे. चाचींकडून ते वळण मी शिकून घेतलं. आता आम्ही तसंच वाजवतो.