कोंड्याचं मेण

अर्जुनी मोरगावच्या राइस मिलमधला फिटर ईश्वरदास म्हणजे मुलखाचा खटपट्या. त्याच्या बायकोचा, शामकलाचा, उजवा पाय मळणी यंत्रात मांडीपासून गेला. शिबिरात नकली पाय मिळाला, पण त्याचा गुडघा वाकत नव्हता. बसताना पाय समोर काठीसारखा ताठ.

पूर्वी ईश्वरदास गोंदियाच्या एका कॉलेजात शिपाई होता. तिथे पोरांनी तेलात लोखंडाची बारीक भुकटी कालवलेली त्यानं पाहिली होती. चुंबक जवळ आणलं की तेल घट्ट व्हायचं, दूर नेलं की पुन्हा पातळ. ते आठवून यानं वर्षभर खपून तसाच गुडघा केला. टाच टेकली की बॅटरीवरचं चुंबक सुरू, तेल घट्ट, गुडघा भक्कम. टाच उचलली की बॅटरी बंद, तेल सैल, आणि गुडघा वाकतो. शामकला तो पाय लावून पहिल्यांदा तलावाच्या पाळीवर चालली, त्या दिवशी हा गडी मिलच्या मागे जाऊन रडला.

खोट एकच होती. पाय काढून ठेवला की भुकटी तळाशी बसायची, कढीतल्या बेसनासारखी. मग सकाळी उठून ईश्वरदासनं तो पाय शंभर वेळा हालवायचा, तेव्हा कुठे तो चालायचा. दोन वर्षं हालवला. पुढे ते त्याच्या जिवावर येऊ लागलं. खोटं कशाला बोला, कंटाळलाच तो.

गेल्या मे महिन्यात त्यानं गुडघ्यातल्या तेलात भाताच्या कोंड्याच्या तेलाचं मेण मिसळलं. भुकटी आठवडाभर खाली बसली नाही. हालवणं सुटलं, आणि स्वारी गावभर मिरवू लागली.

पण कोंड्याचं तेल त्या मेणामुळेच थंडीत गोठतं, हे मिलमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. यानं तर वीस हिवाळे ते डब्यातून खरवडून काढलेलं. तरी त्या मे महिन्याच्या उकाड्यात ते त्याच्या टाळक्यात आलं नाही. याला काय म्हणावं?

पौषातल्या एका गारठ्याच्या सकाळी शामकला लाखोरीची भाजी खुडायला निघाली. पाय रात्रभर पडवीत होता. सपाट वाटेवर तिनं तो कसाबसा ओढला. तलावाच्या पाळीवरून उतरताना टाच उचलली, बॅटरी बंद झाली, पण मेणानं गोठलेलं तेल काही सैल झालं नाही. गुडघा वाकला नाही, चवडा दगडाला अडला आणि ती खाली कोसळली. डाव्या, धडक्या पायाचा खुबा मोडला. आता चालणं विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

शेजारची रुख्मा भेटायला आली. "काऊन पडली व बाई?"

"दव पडलं होतं," शामकला म्हणाली. "माहाच पाय घसरला. यायनं केलेला गुडघा लाखात एक आहे."

ईश्वरदास दाराशी उभा होता. ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रुख्मा गेल्यावर तो खाटेपाशी खाली बसला.

"तू घसरली नाही. तेल गोठलं. मले रोज हालवाचा कटाळा येऊन राहिला होता, म्हणून मेण टाकलो."



"मले सांगाचं होतं ना," शामकला म्हणाली. "माहे हात तं चांगले होते."