चाळीस बायकांचं एकच उत्तर

आभा मॅडमनी किशोरीचे चाळीस फॉर्म टेबलावर पालथे टाकले, तेव्हा विभागात आणखी तीन विद्यार्थी बसलेले होते. मुंबईच्या त्या मोठ्या विद्यापीठात मानसशास्त्राच्या एम. ए.ला शेवटच्या सत्रात प्रबंध द्यावा लागतो. किशोरीने विषय घेतला होता मच्छीमार स्त्रियांच्या मनावरचा ताण. मोरा बंदराजवळ, जिथे ती वाढली, तिथल्या चाळीस बायकांना तिने तीस-तीस प्रश्न वाचून दाखवले होते. झोप उडते का, उगाच रडू येतं का, जगणं नकोसं वाटतं का. चाळीसही जणींनी जवळपास प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं, कधीच नाही.

"घरची माणसं आठ-आठ दिवस समुद्रात, आणि एकीचीही झोप उडत नाही?" मॅडम म्हणाल्या. "हे तू खोलीवर बसून भरलंस, किशोरी. मी बावीस वर्षं शिकवतेय."

किशोरीने परोपरीने सांगून पाहिलं. शेवटी मॅडमनी एवढीच सवलत दिली की निदान तीस फॉर्म नव्याने भरून आण, सत्तावीस एप्रिलला संध्याकाळी पाचच्या आत. नाहीतर वर्ष गेलं, आणि वर बनावट माहितीची चौकशी. त्या दिवशी एकोणीस तारीख होती. पनवेलला खांदा कॉलनीत ती मिताली नावाच्या वर्गमैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहत होती. तिथल्याच एका शाळेने तिला जूनपासून समुपदेशक म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं, पण पदवी हातात असेल तर. कोळीवाड्यातली ती पहिलीच एवढी शिकलेली मुलगी. नापास झाली तर समजण्यासारखं होतं. खोटेपणा केला म्हणून परत आली, हे बापाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

दुसऱ्या दिवशी तिने पनवेलहून उरणची एसटी धरली. गव्हाण मागे पडेपर्यंत ती मांडीवरचे फॉर्म एकेक करून चाळत होती. चूक कुठे झाली ते तिला दिसत नव्हतं.

ती दाखवली शेजारच्या सोनाबाईने. बोंबील वाळत टाकता टाकता तिने सगळं ऐकून घेतलं आणि हसली. "घरचा मानूस दर्यात असताना मी रडते म्हनून सांगू? ते बी कागदावर? चार बुकं शिकली आनि कोल्याची पोर हाय ते इसरली काय गं तू?"

होड्या परत येईपर्यंत त्यांच्या आळीत कोणी वाईट बोलत नसे; बोललेलं दर्या खरं करतो, असं मानत. "बाबा बुडले तर?" असं लहानपणी एकदा विचारलं म्हणून तिला आईने दंडाला काळंनिळं होईपर्यंत चिमटा काढला होता. हे सगळं तिला ठाऊक होतं. पण गळ्यात ओळखपत्र अडकवून ती गेली, ती छापील सूचना पाठ करून. उत्तर सुचवू नये, जे सांगतील त्यावर खूण करावी. आणि बायकांना सवड असते म्हणून तिने नेमका होड्या बाहेर असतानाचाच आठवडा निवडला होता.

होड्या चोवीस तारखेला आल्या, आणि सत्तावीसच्या पहाटे पुन्हा निघणार होत्या. मधले दोन दिवस बायकांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. किशोरी त्यांच्याबरोबर उकिडवी बसली, कोळंबी निवडता निवडता प्रश्न विचारू लागली. आता उत्तरं मिळत होती. सोनाबाई एका झोपेच्या प्रश्नावरच अर्धा तास बोलली. सव्वीसच्या दुपारपर्यंत बावीस फॉर्म झाले. आठ राहिले.

तेवढ्यात तिची आई, भीमाबाई, हात पुसत समोर येऊन बसली. "माजा परत नाय भरलास," ती म्हणाली. "आता इचार. तुजा बापूस घरात हाय."

किशोरीने पहिल्यापासून वाचायला घेतलं. भीमाबाई प्रत्येक प्रश्नाला शांतपणे हो म्हणत गेली. अठ्ठाविसावा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याचा होता.

"रोज वाटतं. गनू गेला त्या दिसापासून. जेटीवर गेली की पानी किती खोल हाय ते बगते मी."

गणू म्हणजे किशोरीचा मोठा भाऊ. दोन वर्षांपूर्वी होडीवरून पाण्यात पडला तो सापडलाच नाही. आईला त्यानंतर कोणी रडताना पाहिलं नव्हतं. मागच्या महिन्यात याच प्रश्नावर आई क्षणभर थांबली होती, आणि किशोरीने 'कधीच नाही'वर खूण करून पान उलटलं होतं.

सूचनांमध्ये हेही छापलेलं होतं की असं उत्तर आलं तर मुलाखत थांबवावी आणि त्या व्यक्तीला ताबडतोब डॉक्टरकडे न्यावं. भीमाबाईने मात्र बजावलं, बापाला सांगायचं नाही, तो उद्या निघणार आहे. किशोरीचा बाप काशीराम निघेपर्यंत ती घर सोडणार नव्हती. किशोरीने मितालीला फोन केला. ती म्हणाली, "सातच राहिलेत ना? जुन्यातले सात घे, खुणा बदल. आईला परवा ने." किशोरीने फोन ठेवला. सात घरं हाकेच्या अंतरावर होती, पण आईला एकटीला सोडून उंबरठा ओलांडणं तिच्याने झालं नाही.

सत्तावीसला होड्या निघाल्या, आणि पहिल्या एसटीने ती आईला पनवेलला घेऊन आली. सरकारी रुग्णालयात त्यांचा नंबर लागायला दोन वाजले. डॉक्टर तरुण होता, आवाज मऊ होता. झोप लागते का आई? जेवण जातं का?

"लागते की. सगलं बरं हाय," भीमाबाई म्हणाली. "पोरीला उगाच वाटतं."

डॉक्टर औषध लिहू लागला.

"ती खोटं बोलतेय, डॉक्टर," किशोरी म्हणाली.

भीमाबाईने तिचं मनगट घट्ट धरलं. "गप. बापूस दर्यात हाय तुजा."

आपण बोलतोय ते काय, हे किशोरीला नीट कळत होतं. तरी तिने गणूचं सांगितलं, जेटीचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. डॉक्टरने पेन खाली ठेवलं आणि सिस्टरला हाक मारली.

पाच वाजता ती वॉर्डाबाहेर दाखल करायच्या कागदावर सही करत होती. मॅडमचा फोन तीनदा वाजून थांबला. आत भीमाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. लेकीने पाणी पुढे केलं, तिने घेतलं नाही. होड्या परत यायला अजून आठ दिवस होते.