सोमवारी येता का?

शनिवारी दुपारी नलू आणि मी मेथी निवडत बसलो होतो. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, सोमवारी कारखान्यात माझा प्रोग्राम बंद करणार आहेत. सेक्शनच्या मॅडमनी बोलावलंय. येता का?"

"बंद होणाऱ्या यंत्राचं काय तोंड बघायचं? तू जा."

"बरं," म्हणाली. पुन्हा विचारलं नाही... रविवारी सकाळी मी चहाला हाक मारली, तर ती उठलीच नाही.

दीड महिना झाला. मी आठवी शिकलेला फिटर, लिहिणं माझं काम नाही. बायको बी.एस्सी., त्याच कारखान्यात कॉम्प्युटरवर; आता दोघंही रिटायर. लग्न होऊन भोपाळला आलो तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर कपाटं आणि भोकं पाडलेली कार्डं. एका कार्डावर प्रोग्रामची एक ओळ. एकदा तिचा कार्डांचा डबा स्कूटरवरून माझ्या हातून सांडला. मी एकूण एक कार्ड वेचलं, पुसलं, कडा जुळवून डबा तिच्या हातात दिला आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. क्रम गेला, हे मला कुठं ठाऊक! दोन दिवस ती कार्डं लावत बसली. मग गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीनं तिरकी रेघ ओढली. रेघ जुळली की क्रम जुळला. म्हणाली, "आता खुशाल पाडा, फिटरसाहेब."

स्टोअरमधला कोणता पार्ट कुठल्या रॅकवर, हे सांगणारा प्रोग्राम तिनं लिहिला. त्यासाठी महिनाभर स्टोअरवाल्यांच्या मागे वही घेऊन फिरली. पुढं मशीनं बदलली, प्रोग्राम तिचाच चालला. मी नोकरीभर त्याच्याच चिठ्ठीवर माल उचलला आणि घरी येऊन म्हणायचो, "तुझं बरंय, बसून बटणं दाबायची." ती हसायची. हे केलंस कसं, असं मी एकदाही विचारलं नाही... एकदाही नाही.

रविवारीच तिला पोचवून आलो. सोमवारी सकाळी चप्पल घातली, तर माझ्या वहिनी दारात आडव्या आल्या. "भाऊजी, सुतक आहे! लोक काय म्हणतील?"

"तिनं बोलावलंय," म्हटलं आणि निघालो.

मॅडमनी खुर्ची दिली. थोड्या वेळानं हळूच म्हणाल्या, "अंकल, बंद कर दें?"

"रुको. पहले इससे कुछ पूछना है."

माझ्या मशीनच्या बेअरिंगचा नंबर सांगितला. तो अजून पाठ आहे. स्क्रीनवर रॅक आला, कप्पा आला. अगदी बरोबर. डोळे मिटून माझा हात तिथंच गेला असता.

"सही बताया," मी म्हणालो. उठून उभा राहिलो. मग म्हणालो, "अब कर दो."