बुधवारचे साहेब

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, भावाला नाही. देवासमोर उभा राहिलो तेव्हाही तोंड उघडलं नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीच्या माणसाला सांगायला धीर लागतो, तो माझ्यात कधी नव्हता. मी चौथी शिकलेला. एमआयडीसीतल्या एका कंपनीत ड्रम ढकलण्यात हयात गेली. लिहिताना कुठे चुकलो तर चालवून घ्या.

डोंबिवलीत पूर्वेला आम्ही भाड्याने राहायचो, मी आणि माझी बायको शालन. तिसरा मजला, वर गच्ची. अकरा वर्षं काढली त्या घरात. स्वयंपाकघराचा स्लॅब सडलेला. पोपडे पडायचे, आतल्या सळया दिसायच्या, गंजून फुगलेल्या. एकदा उकळत्या आमटीत लिंबाएवढा तुकडा पडला. त्या दिवशी शालनने माझ्या आईचं जुनं लुगडं काढलं, चार खिळ्यांना चार टोकं बांधली आणि गॅसच्या वर झोळी केली. दर रविवारी मी स्टुलावर चढून ती झोळी सोडायचो. शालन खाली डबा धरून उभी. बिस्किटाचा पत्र्याचा डबा. पडलेलं सगळं ती त्यात भरून ठेवायची, कचऱ्यात टाकू द्यायची नाही. म्हणायची, साहेब आले की दाखवीन.

कोण साहेब? तिथेच येतोय. जरा दमाने घ्या, मला हे एका दमात सांगता येत नाही.

घरमालक नाना आमच्या गावाकडचा. त्याला तीनदा सांगून झालं होतं. तिसऱ्या वेळी तो वर बघून म्हणाला, "मामा, बिल्डिंगचं वय झालं. आपले पण दात पडले की नाही?" आणि हसला. मीसुद्धा हसलो. शालन हसली नाही. ती सातवी पास, अक्षर मोत्यासारखं. तिने दुसऱ्याच दिवशी रेघांच्या कागदावर महापालिकेला अर्ज लिहिला. दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर शिक्का मारून पोच आणायची. प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिला. सही तेवढी तिथे गेल्यावर करा, म्हणाली.

मी गेलो. खोटं नाही सांगत, वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्यांपर्यंत गेलो. समोरच्या टपरीवर एक कटिंग प्यायलो. मग पिशवी काखेत मारून घरी आलो.

घरी येऊन म्हणालो — दिला.

पोच? शिक्केवाला रजेवर होता, म्हणालो. मग बघायला कधी येणार? तर माझ्या तोंडातून निघालं, बुधवारी. आपल्या भागात साहेब बुधवारी फिरतात. कुठून आला हा बुधवार? मला आजही माहीत नाही. अर्ज मी माझ्या ट्रंकेत तळाशी ठेवला, कंपनीच्या जुन्या कागदांखाली.

का केलं? बरीच वर्षं मी स्वतःला एकच सांगत होतो. तक्रार केली तर बिल्डिंगला धोकादायक म्हणून बोर्ड लागेल, आधी भाडेकरू बाहेर. शिवाय नाना गाववाला, अडचणीत त्याने जागा दिली, त्याच्यावर कागद कसा घालायचा? हे सगळं खरं. पण ते कारण नाही.

कारण बाळकुम.

आमचा मुलगा महेश बाळकुमला राहतो. तो कधीपासून बोलवत होता. शालनला जायचंच होतं. तुळस कुठल्या खिडकीत ठेवायची हेसुद्धा तिने तिथे बघून ठेवलं होतं. मला जायचं नव्हतं. ती जागा सुनेने घेतलेली, सुनेच्या नावावर. आणि वास्तुशांतीला मी चार पाहुण्यांसमोर बोलून गेलो होतो की सुनेच्या घरात मी पाय पसरून झोपणार नाही. कुणी विचारलं होतं मला? कुणी नाही. पण बोललो. आणि ते वाक्य खरं करायला बायकोला सडक्या स्लॅबखाली ठेवलं. अर्ज गेला असता तर बाळकुमला जावं लागलं असतं. एवढंच होतं ते.

दोन वर्षं बुधवार आले.

बुधवारी ती सकाळी फरशी पुसायची. चांगलं पातळ नेसायची. साखरेचा डबा भरलेला आहे ना बघायची, साहेबांना चहा द्यायचा म्हणून. पोपड्यांचा डबा टेबलावर. आणि बसायची. तिचं भजनी मंडळ बुधवारचं होतं, ते सुटलं. कल्याणला तिच्या बहिणीच्या नातीचं बारसं बुधवारी आलं. हिने बाळाला कुंची शिवली आणि ती माझ्या हाती पाठवली. मी नेली. तिथे जेवलो, दुसऱ्यांदा जिलबी घेतली. शालन का नाही आली, विचारलं तर सांगितलं, तिला बरं नाही. मीच जाऊन विचारते ऑफिसात, असं ती दोनदा म्हणाली. तेव्हा मी तिला सांगितलं, दुसरा अर्ज गेला की पहिला रद्द होतो. विश्वास ठेवला तिने. का ठेवणार नाही? चाळीस वर्षांचा संसार.

संध्याकाळ झाली की डबा परत फळीवर ठेवताना महापालिकेला शिव्या द्यायची. मेले झोपा काढतात तिथे, खोटारडे. मी मान हलवायचो. सरकारी कामं अशीच, म्हणायचो.

आता पुढचं. हे लिहायला मी तीन दिवस लावले.

तिच्या छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात ठेवलं. चौथ्या दिवशी जरा तरतरी आली. दुपारचे बारा वाजले असतील. महेश कामावर गेलेला, सून खाली औषधं आणायला. शालनने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, आज बुधवार ना? तुम्ही घरी जा. साहेब कुलूप बघून परत जातील."

तेव्हा सांगता आलं असतं. तीन शब्द होते. साहेब येणार नाहीत. ती चिडली असती, रडली असती, कदाचित हसलीसुद्धा असती. तिचा काही भरवसा नव्हता.

मी म्हणालो, "जातो."

आणि गेलो हो. खरंच गेलो. सून वर आली, तिला म्हणालो, बस इथे. रिक्षा केली, कुलूप काढलं, स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन झोळीखाली बसलो. कुणाची वाट बघत होतो मी? जो माणूस मीच तयार केला, त्याची? दोन तास बसलो. मग महेशचा फोन आला.

शालन गेली तेव्हा तिचा हात सुनेच्या हातात होता. जिच्या घरात मी पाय पसरणार नव्हतो, तिच्या.

तेराव्यानंतर महेशने मला बाळकुमला आणलं. मी आलो. पाय पसरून झोपतो. सून मागायच्या आधी चहा ठेवते. वास्तुशांतीचं ते वाक्य तिने कधी काढलं नाही. तुळस शालनने ठरवलेल्या खिडकीतच आहे.

तिथेच हे संपलं असतं. पण गॅसचं पुस्तक जुन्या घरी राहिलं होतं, ते आणायला चार महिन्यांनी डोंबिवलीला गेलो. दार एका तरुण मुलीने उघडलं, नवीन भाडेकरू. आत या आजोबा, म्हणाली. स्वयंपाकघरात गेलो. लुगडं नाही. वर नवीन गिलावा, पांढराशुभ्र रंग. नानाने नुसता वरून हात फिरवला होता. आणि त्याच स्लॅबच्या हुकाला पाळणा टांगलेला. आत पाच-सहा महिन्यांचं पोर, पायाचा अंगठा चोखत.

ती मुलगी कौतुकाने सांगायला लागली, "नाना म्हणाले, आधीचे आजोबा अकरा वर्षं राहिले, एक तक्रार नाही त्यांची."

माझं नाव घेऊन जागा दिली होती त्याने.

मी तिला म्हणालो, "बाळाला उचल आधी. मग बोलू." ती घाबरली, पण उचललं. मग तिला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे स्लॅबचं. त्याच दुपारी ती पोराला घेऊन आईकडे गेली.

दुसऱ्या दिवशी ट्रंक उपसली. पिशवी घेतली, सामानाबरोबर बाळकुमला आलेला पोपड्यांचा डबा घेतला आणि वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या चढलो. टपरीकडे बघितलंसुद्धा नाही. टेबलाशी एक बाई होत्या. त्यांनी कागद वाचला. आजोबा, तारीख दोन वर्षांपूर्वीची आहे, म्हणाल्या. हो म्हणालो. मग इतके दिवस होता कुठे अर्ज? माझ्या ट्रंकेत, म्हणालो. सहीची जागा शालनने सोडलेली, तशीच कोरी होती. तिथे सही केली. त्यांनी डब्याकडे बघून विचारलं, हे काय? म्हणालो, स्लॅब आहे. त्यांनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि इंजिनियरला हाक मारली.

साहेब आले ते शुक्रवारी.

त्यांच्या माणसाने हातोडी मारली, एक-दोनदाच. दाराएवढा तुकडा सुटला आणि खाली फुटला. कुठे, ते तुम्हाला सांगायला नको. घर रिकामं होतं. कुणाला काही झालं नाही. मी तिथे दारात उभा होतो, धुरळा डोळ्यांत गेला, आणि मी जिन्यातच बसलो. ते कुटुंब आता दुसरीकडे राहतं. बिल्डिंगची तपासणी चालू आहे.

नानाचा फोन आला. गाववाला म्हणून ठेवलं होतं मामा तुम्हाला, म्हणाला. मी म्हणालो, "तुझ्यावर काही नाही नाना. हा अर्ज दोन वर्षांपूर्वीच यायचा होता." त्याने फोन ठेवला. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. सून बघत राहिली.

पोच माझ्याकडे आहे. शिक्का नीट उमटलाय. जिने मागितली होती तिला ती देता आली नाही. शालन महापालिकेला खोटारडी म्हणत गेली. खोटारडा तिच्या समोर बसून तिच्या हातची भाकरी खात होता. दोन वर्षं तिने दिलेल्या शिव्या माझ्या होत्या, भलत्याला लागत होत्या. त्या मी आता घेतल्या. बरं वाटतंय.