पाचपैकी पाच

लॉ कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना फौजदारी न्यायाची ओळख मी एफआयआरपासून करून द्यायचो. टेबलावर हात आपटून सांगायचो, "गुन्हा दखलपात्र असला की ठाण्यात लिहून घ्यावाच लागतो. कुणाच्या बापाला नाही म्हणता येत नाही. प्रत फुकट मिळते." पोरं माना डोलवायची. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

कसबा बावड्यातून माझी मोटारसायकल चोरीला गेली तेव्हा मात्र मी आधी शेजाऱ्याच्या हवालदार मेव्हण्याला फोन लावला होता. त्याने शब्द टाकला, मग तक्रार लिहिली गेली. हे वर्गात कधी सांगितलं नाही.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. गावाकडून एसटीने यायची, माझं प्रत्येक वाक्य उतरवून घ्यायची. बांधावरून भांडण झालं आणि भावकीतल्या एकाने तिच्या वडिलांचा हात कुदळीच्या दांड्याने मोडला. ही पोरगी वही घेऊन ठाण्यात गेली. हाड मोडणं दखलपात्र असूनही तिथल्या साहेबांनी अदखलपात्र नोंद करून कागद हातावर ठेवला. म्हणजे तपास नाही, अटक नाही, घरी जा.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात उभी. "सर, तुम्ही सांगितलं तसंच बोलले मी. ते हसले. म्हणाले, एवढं कळतंय तर तुझ्या सरास्नी घिऊन ये की. सर, तुम्ही याल न्हवं?"

मला कोण खाणार होतं तिथं? पण वशिल्याशिवाय ठाण्याची पायरी मी कधी चढलोच नव्हतो. म्हणालो, "अगं, अधीक्षकांना पोस्टाने अर्ज पाठव. कायद्यात तशी सोय आहे."

"व्हय सर," म्हणाली आणि गेली.

अर्ज पाठवलाही असेल तिने. मी विचारलं नाही. पुढं कळलं, भावकीने देवळात बैठक घेतली, जोतिबाची आण घालून प्रकरण मिटवलं. वडिलांचा हात वाकडाच जुळला.

चाचणीचा पेपर मीच काढला होता. पहिला प्रश्न, एफआयआर म्हणजे काय? तिचं अक्षर मी लगेच ओळखलं. शब्द न् शब्द माझा होता. शेवटची ओळ, 'पोलीस नोंद नाकारू शकत नाहीत.' कुठं खोडाखोड नाही, टोमणा नाही. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. उत्तर बरोबर होतं. मी पाचपैकी पाच गुण दिले.