न पिता सुटलेला तोल

बार्शीटाकळीत माझ्या मोठ्या भावाचं पाण्याच्या जळलेल्या मोटारींची तार नव्याने गुंडाळून द्यायचं, रिवाइंडिंगचं दुकान आहे. कित्येक वर्षं तो रोज प्यायचा. मागच्या हिवाळ्यात न्यूमोनिया उलटला, पायाला तार लागून झालेली जखम चिघळतच राहिली, तेव्हा तो स्वतःच म्हणाला, आता बस. कुणा डॉक्टरला न विचारता त्याने दारू एकदम बंद केली. वहिनीने फोनवर सांगितलं तेव्हा अमरावतीत मी देवापुढे साखर ठेवली.

आठवड्याभराने भेटायला गेले, तर तो झोकांड्या खात दारात आला. पाय फाकलेले, नजर एका जागी ठरेना. कधी आलीस, हे त्याने पुन्हापुन्हा विचारलं. वहिनी आत रडत होती. तिला वाटलं, लपून पुन्हा सुरू केली. मी त्याच्या तोंडाजवळ गेले. वास नव्हता.

"मी पेलो नाही व बाई," तो म्हणाला. "मले जमीनच हालून राहिली."

तसंच गाडीत घालून आम्ही त्याला अकोल्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्याचे डोळे पाहिले, तो काय जेवतो ते वहिनीला विचारलं आणि लगेच शिरेतून बी-वन जीवनसत्त्व सुरू केलं. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "हा माणूस प्यायलेला नाही. उपाशी आहे."

याला कुपोषण म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. कुपोषण हा शब्द मी मेळघाटातल्या लेकरांबद्दलच ऐकला होता. आमच्या घरी तर रोज भाकर, वरण, भाजी. पण त्या म्हणाल्या, दारूने भूक मारली आणि जे पोटात गेलं तेही अंगी लागू दिलं नाही. अंगातलं बी-वन संपलं की मेंदूला तोल आणि नजर सांभाळता येत नाही. न भरणारी जखम, उलटणारा न्यूमोनिया, तेही त्यातलंच. रोगाशी लढायची ताकदच दारूने पोखरली होती. दारू सोडली हे चांगलंच झालं, पण अशी एकाएकी, डॉक्टरशिवाय सोडताना झटकेही येऊ शकले असते. आणि बी-वन द्यायला आणखी उशीर झाला असता, तर आठवण कायमची गेली असती.

वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. "मी त्यायले ताटावरून उठवलं काल," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नजर ठरली. त्याने मला नावाने हाक मारली. पुढच्या महिन्यांत तो डाळ, अंडी, पालेभाजी मागून खाऊ लागला, जखम सुकली, यंदाचा हिवाळा खोकल्याशिवाय गेला. चालणं मात्र पूर्ण सुधारलं नाही. पायऱ्या उतरताना तो अजून भिंत धरतो, आणि रस्त्यावरची माणसं अजून त्याच्याकडे प्यायलेल्याकडे बघावं तशीच बघतात.