रिकामं मखर

२००५ साली अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात एक लेबनीज म्हातारा माझी गाडी दुरुस्त करायचा. बोलण्याआधी तो एकेक बोट फडक्याला पुसायचा, शब्दांना ग्रीस लागू नये म्हणून असेल.

त्या दिवशी माझ्या डिकीत गणपतीचं मखर होतं. गणपती तिथीला बसवायचा की वीकेंडला, यावरून आमचं मंडळ आदल्याच दिवशी फुटलं होतं. मूर्ती तिथीवाल्यांनी पळवली, मखर आम्हा चार वीकेंडवाल्या घरांना मिळालं. आम्हीच कसे बरोबर, हे मी त्याला तावातावाने सांगितलं.

तो बोटं पुसत म्हणाला, "इस्लामी कायद्याचेही सुरुवातीला कितीतरी पंथ होते. आमच्या बैरुतच्या इमामाचा पंथ दोनेकशे वर्षं चालला. आज त्याचा अनुयायी औषधालाही सापडत नाही."

"चुकीचा होता?"

"छे! मोठा विद्वान. पण नुसतं बरोबर असून भागत नाही. मागे उभं राहायला माणसं लागतात."

मी खूप हसलो. घरी आल्यावर बायकोला हे सगळं रंगवून सांगितलं आणि म्हटलं, "चल, मखर उतरवू या."

ती म्हणाली, "आपल्या नव्या मंडळाची मी उपाध्यक्ष आहे. एखादा साधा सभासद उरला असेल तर त्याला बोलाव."